थोरलं कोण?

"त्या दोघांत थोरलं कोण गं?" असं काकांनी विचारलं आणि मी उत्तर द्यायच्या आत लाइट आली, खाली टीव्हीवर मॅच परत सुरू झाली, पोरं जिना उतरून धडाधड पळाली आणि तो प्रश्न तसाच गच्चीवर राहिला. मे महिना, संगमेश्वरजवळचं आमचं घर, गच्चीच्या सिमेंटमधून दिवसभराची धग अजून वर येत होती, पलीकडच्या पडवीत आंबे पिकत घातलेले त्यांचा वास, आणि मी माझी सहा इंची दुर्बीण लावून पोरांना एक तारा दाखवत होते जो साध्या डोळ्यांना दिसतच नाही. पोरांना मी सांगितलं होतं की तिथे एक नाही, दोन तारे आहेत, एक फुगलेला तांबडा आणि एक अगदी बारका पांढरा, ते एकमेकांभोवती फिरतात आणि ह्यातला बारका कधीही भडकेल. पोरांना "कधीही" हा शब्द आवडला. काकांना बहुतेक दुसरंच काहीतरी लागलं. एवढं सगळं ऐकून माणूस अंतर विचारतो, कधी दिसणार विचारतो, आपल्याला काही धोका आहे का विचारतो. थोरलं कोण हे कुणी विचारत नाही. ठाण्याला परत आले तरी ते डोक्यातून जाईना.

तारा म्हणजे टी कोरोनी बोरियालिस, सगळे टी सीआरबीच म्हणतात. २०२४ मध्ये बऱ्याच जणांच्या फॅमिली ग्रुपवर तो येऊन गेला असेल, "आयुष्यात एकदाच दिसणारा तारा" वगैरे मेसेज होते. त्यातलं आयुष्यात एकदाच हे मात्र खरं आहे, कारण तो साधारण ऐंशी वर्षांनी एकदा भडकतो आणि मग दोन-चार रात्री ध्रुवताऱ्याएवढा दिसतो. १८६६ ला भडकला, १९४६ ला भडकला. २०१५ पासून तो नेहमीपेक्षा जरा उजळ होता, मग २०२३ ला मंदावला, आणि १९४६ च्या आधीही हे असंच झालं होतं, म्हणून ब्रॅडली शेफर ह्या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने २०२४ च्या मध्याचा अंदाज दिला. २०२४ गेलं. हे लिहितेय तेव्हा २०२५ चा पाऊस तोंडावर आलाय आणि तारा आपल्या जागी शांत आहे. ग्रुपवर आता कुणी विचारत नाही. मला मात्र तो न भडकलेला असतानाच जास्त आवडायला लागलाय, आणि हे का होतंय ते नीट लिहून बघावं असं बरेच दिवस वाटत होतं.

त्याला शोधायचं तर मे महिन्यात रात्री नऊ-साडेनऊला बाहेर यायचं. स्वाती जवळजवळ डोक्यावर असते, नारिंगी, चुकूच शकत नाही. ईशान्येला अभिजित वर येत असतो, पांढरा. स्वातीकडून अभिजितकडे जायला लागलं की थोडं पुढे सात ताऱ्यांची एक अर्धवट कड दिसते, तो उत्तर मुकुट. त्यातला एकच तारा ठळक आहे, अल्फेका, बाकीचे गावाकडच्या काळोखातच दिसतात, ठाण्यात मी ते नुसते आहेत असं समजून चालते. मुकुटाच्या पूर्वेकडच्या टोकाजवळ एप्सिलॉन नावाचा तारा आहे, दुर्बीण त्याच्यावर लावायची आणि तिथून दक्षिणेकडे साधारण एक अंश सरकायचं, म्हणजे पौर्णिमेचे दोन चंद्र शेजारी ठेवले तर जेवढी जागा लागेल तेवढं. तिथे बऱ्याच फिकट ठिपक्यांमध्ये एक दहाव्या प्रतीचा ठिपका असतो, प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप, आकडा वाढला की तारा फिकट. नकाशाशी जुळवून जुळवून बघावं लागतं, हा की तो, मग डोळा काळोखाला सरावतो, श्वास रोखून धरला की प्रतिमा स्थिर होते आणि एकदम खात्री पटते की हाच. तांबडा बिंबडा काही दिसत नाही, एवढ्या कमी उजेडात आपल्या डोळ्याला रंग कळतच नाही. दिसतो तो राखाडी टिंब. आणि जो काही उजेड आपल्यापर्यंत येतो त्यातला बहुतेक सगळा त्या फुगलेल्या ताऱ्याचा असतो. ज्याच्यासाठी सगळं जग थांबलंय तो बारका त्याच्या उजेडात पार बुडालेला.

हा फुगलेला तारा, म्हणजे तांबडा राक्षसी तारा, आपल्या सूर्याच्या साठ-सत्तर पट रुंद आहे. वजनाने मात्र सूर्याच्याच आसपास, म्हणजे नुसता पसरलाय, विरळ झालाय, बाहेरच्या थरांवरची पकड सैल झालीये. बारका म्हणजे श्वेत बटू, आकाराने पृथ्वीपेक्षाही लहान आणि वजन सूर्यापेक्षा जास्त. दोघांमधलं अंतर साधारण आपलं आणि सूर्याचं जेवढं तेवढंच, आणि एकमेकांभोवतीची एक फेरी २२७ दिवसांत. एवढ्या जवळ असल्यामुळे मोठा गोल राहिलेला नाही, बारक्याच्या बाजूला ओढला जाऊन तो लांबट झालाय, आणि फिरताना कधी त्याची लांब बाजू आपल्याकडे येते तर कधी टोक, त्यामुळे एका फेरीत त्याचा उजेड दोनदा किंचित वाढतो आणि दोनदा किंचित घटतो. ही वाढ-घट मोजणारी माणसं जगभर आहेत. मोजून मोजून त्यांना त्या ताऱ्याचा आकार कळला, जो कुठल्याच दुर्बिणीतून असा थेट दिसत नाही. मला हे वाचल्यावर कितीतरी वेळ दुसरं काही सुचलं नव्हतं.

प्रत्येक ताऱ्याची एक हद्द असते, तिच्या आतलं सगळं त्याचं. जोडीत ही हद्द दोघांच्या मधे एका बिंदूवर येऊन मिळते. भाताच्या खाचरात पाणी बांधाच्या वर चढलं की बांधाच्या सगळ्यात खालच्या जागेवरून ते शेजारच्या खाचरात उतरायला लागतं, कुणी सोडावं लागत नाही, तसं मोठा फुगत फुगत हद्दीला टेकला की त्याच्यातला हायड्रोजन त्या बिंदूवरून बारक्याकडे उतरायला लागतो. सरळ जाऊन पडत नाही, आधी त्याच्याभोवती चकतीसारखा फिरतो, मग हळूहळू त्याच्या पृष्ठभागावर साचतो. थरावर थर. बारक्याचं गुरुत्वाकर्षण भयंकर, त्यामुळे तळचा थर दाबला जातो, तापतो, आणि ऐंशीएक वर्षांनी तो क्षण येतो जेव्हा त्या थरात अणुसंमीलन सुरू होतं आणि आवरतच नाही. सगळा साचलेला थर पेटून उधळला जातो. खालचा बटू शाबूत. शेजारचा मोठाही शाबूत.

मग परत पहिल्यापासून.

तर थोरलं कोण. बघणाऱ्याला वाटतं तो मोठा, कारण तो म्हातारा दिसतो. रोहिणी तांबूस, ज्येष्ठा तर लालच, आणि लाल म्हणजे उतारवय एवढं आपल्याला शाळेपासून माहीत असतं. पण म्हातारपण आधी येतं ते ज्याचं वजन जास्त त्याला. जन्म दोघांचा एकाच ढगातला, एकाच वेळचा, पण जड तारा आपलं इंधन भराभरा जाळतो. म्हणजे आज जो बारका दिसतोय तोच ह्या घरातला थोरला. त्याच्याएवढा जड श्वेत बटू उरायला सुरुवातीला सूर्याच्या कितीतरी पट वजनाचा तारा लागतो. तो आधी वाढला, आधी फुगला, आधी तांबडा झाला, आणि तेव्हा हा आजचा राक्षसी तारा एक साधा लहानसा तारा होता. त्या वेळी हद्द ओलांडून पदार्थ उतरला असणार तो उलट्या दिशेने, थोरल्याकडून धाकट्याकडे. बरंचसं अवकाशात उधळलंही गेलं असणार. शेवटी थोरल्याचं फक्त गाभ्यातलं उरलं, तेच आज पांढरं, घट्ट, पृथ्वीहून लहान होऊन बसलंय. आणि आता धाकट्याची फुगायची पाळी आली तेव्हा त्याच्याकडचं थोरल्याकडे परत चाललंय.

मी हे काकांना फोनवर सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "हां. मला वाटलंच."

काकांचा जन्म ४६ चा. वीस-बावीस वर्षांचे असताना परळला गिरणीत लागले आणि ८२ च्या संपापर्यंत तिथेच होते. संपानंतर गावी आले ते रिकाम्या हातांनी, आणि नंतर किती वर्षं काकीच्या मास्तरकीच्या पगारावर घर चाललं ते आमच्याकडे सगळ्यांना माहितीये पण कुणी मोठ्याने बोलत नाही. काकी जिल्हा परिषदेच्या शाळेत होती. डोंगर उतरून जायची, पावसाळ्यात साडी गुडघ्यापर्यंत खोचून वहाळ ओलांडायची, संध्याकाळी आली की आधी काकांना चहा. मला आठवतं ते तिचं पाकीट. पहिल्या तारखेला ती पगाराचं पाकीट देवासमोर ठेवायची आणि मग न मोजता काकांच्या हातात द्यायची, घरात मोजायचं ते त्यांनी. लहानपणी मला ते नुसतं पद्धत म्हणून दिसायचं. आता वाटतं की तिने केवढं मोठं काम त्या एका गोष्टीत करून ठेवलं होतं. मग ती रिटायर झाली आणि थोड्याच वर्षांत तिची उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. काकांनी तिला अंथरुणावर सांभाळलं. वेणी घालायला शिकले. मी एकदा दुपारी अचानक गेले तेव्हा ते तिला आमटीभात भरवत होते, प्रत्येक घासाला भात बोटांनी अगदी मऊ करून, आणि तोंडाने सारखं काहीतरी बोलत होते, गुरांचं, पावसाचं, कुणाच्या लग्नाचं, तिच्याकडून उत्तर येणार नाही हे माहीत असून प्रत्येक वाक्यानंतर उत्तराएवढी जागा सोडत होते.

तारे काही माणसं नाहीत, मला माहितीये. हायड्रोजनला माया नसते. पण काकांचा प्रश्न कुठून आला होता ते मला फोन ठेवल्यावर कळलं, आणि त्यानंतर ह्या ताऱ्यावरचे ते व्हिडिओ मला बघवेनासे झाले ज्यात बारक्याला चोर म्हणतात, रक्तपिपासू म्हणतात, शेजाऱ्याला ओरबाडून खाणारा म्हणतात. एवढ्या जुन्या जोडीचा आपण फक्त आत्ताचा तुकडा बघतो आणि कोण घेणारा कोण देणारा ते ठरवून टाकतो. हे मला पटत नाही. सुरुवातीपासूनचा हिशोब मांडला तर दोघांनीही घेतलंय आणि दोघांनीही घालवलंय, आणि दोघं इतकी वर्षं फिरतायत ते एकाच मध्याभोवती.

भडकण्याच्या गोष्टी मात्र सुंदर आहेत, त्या सांगायलाच हव्यात. १२ मे १८६६, आयर्लंडमधलं ट्यूम गाव, जॉन बर्मिंगहॅम नावाचे गृहस्थ मित्राकडून मध्यरात्रीच्या सुमाराला घरी चालत येत होते, वर बघितलं तर मुकुटात एक तारा जास्त. एवढंच. वर बघायची सवय आणि रोजचं आकाश पाठ. त्यांनी कळवलं, आणि चार दिवसांत लंडनला विल्यम हगिन्स ह्या खगोलशास्त्रज्ञाने त्या ताऱ्याचा उजेड वर्णपटदर्शकातून फोडून बघितला. असा अचानक भडकणारा तारा म्हणजे नवतारा, आणि कुठल्याही नवताऱ्याचा वर्णपट माणसाने बघितला तो हा पहिला. हगिन्सला त्यात हायड्रोजनच्या झळझळीत रेषा दिसल्या. हायड्रोजनच पेटलाय हे त्याने तेव्हाच सांगितलं, फक्त तो पेटणं म्हणजे साधी ज्वाला समजत होता, अणूच्या गाभ्यातली आग कुणाला ठाऊकच नव्हती. मला त्या रात्रीचा हगिन्स फार जवळचा वाटतो, समोर सगळं खरं मांडून ठेवलेलं आणि ते वाचायची भाषा जन्माला यायला अजून सत्तरेक वर्षं.

मग फेब्रुवारी १९४६. सोव्हिएत देशात कामेनचुक नावाचा रेल्वेचा लाइनमन, रात्रीच्या रुळांवर, त्याला तो पहिल्यांदा दिसलेल्यांपैकी एक. वेल्समध्ये एका पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलाला खोलीचे पडदे लावताना दिसला. आणि अमेरिकेत ओहायोमध्ये लेस्ली पेल्टियर, शेतकरी माणूस, धूमकेतू शोधण्यात नाव कमावलेला, १९२० पासून ह्याच ताऱ्यावर नजर ठेवून होता, पंचवीस वर्षं. त्या रात्री तो अडीचला उठला, कडाक्याची थंडी, अंगात कसर वाटत होती, म्हणून परत झोपला. तीच रात्र. नंतर त्याने लिहून ठेवलंय की त्या ताऱ्याशी पूर्वीची जवळीक राहिली नाही. हे वाचून लोक हळहळतात, मीही हळहळले, पण मला पेल्टियरची ती पंचवीस वर्षंच दिसत राहतात. हजारो रात्री त्याने वहीत दहाव्या प्रतीच्या ठिपक्याची नोंद केली, आज काही नाही, आजही काही नाही, आणि बारक्याच्या पृष्ठभागावर थर साचत होते ते त्याच रात्रींमध्ये. खरं काम चाललं होतं तेव्हा तो हजर होता. भडका बघणाऱ्यांपैकी कुणीही तेवढा हजर नव्हता.

आपल्याकडे त्या फेब्रुवारीत मुकुट रात्री बाराच्या सुमाराला उगवत असणार, पहाटे डोक्यावर. ९ तारखेला भडकलेला तारा आठवड्याभरात नुसत्या डोळ्यांना दिसेनासा झाला आणि १८ तारखेला मुंबईत 'तलवार' ह्या नौदलाच्या तळावरच्या नाविकांनी उठाव केला. गिरणगाव रस्त्यावर आलं. काकांचे वडील, म्हणजे माझे आजोबा, तेव्हा गिरणीतच होते, आणि त्या दिवसांबद्दल ते सांगायचे ते लालबागच्या गोळीबाराचं, धुराचं, बंद खोल्यांचं. तारा त्या गोष्टींत कधीच आला नाही, येणार कसा. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था तेव्हा पुरती दोन वर्षांचीही नव्हती, १९४४ ची स्थापना. हौशी लोकांनी आकाश बघायला एकत्र यायचं, त्या संस्थेची ती पहिली वर्षं, आणि बाहेर असा काळ. मला हे दोन्ही एका महिन्यात ठेवून बघायला आवडतं, त्यातून काही निष्पन्न करायचं म्हणून नाही, पण काका त्याच वर्षी जन्मले म्हणून.

शेफरने जुने कागद चाळून आणखी मागचे दोन भडके शोधलेत, १७८७ चा इंग्लंडमधला आणि १२१७ चा जर्मनीतल्या उर्सबर्गच्या मठातला, तिथल्या मठाधिपतीने लिहून ठेवलेला. १२१७ म्हणजे आपल्याकडे देवगिरीला यादवांचा सिंघण. आणि त्याच्या दहाच वर्षं आधी, १२०७ मध्ये, चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला होता, तो शिलालेख आजही आहे. पाटणादेवीच्या त्या डोंगराच्या कुशीत रात्री काय काळोख असेल. १२१७ ला तिथले विद्यार्थी ग्रहणाची गणितं करून बाहेर येत असतील तेव्हा मुकुटात एक तारा जास्त असणार, आणि त्यांचं आकाश आपल्यापेक्षा शंभर पटीने पाठ असणार.

पण खरा चक्रावणारा हिशोब पुढेच आहे. तारा साधारण ३००० प्रकाशवर्षं लांब आहे. आज जो राखाडी ठिपका मी बघते त्याचा उजेड निघाला तेव्हा शिरूरजवळ घोड नदीच्या काठी इनामगाव नांदतं होतं, मातीच्या घरांचं, जव पिकवणारं, मेलेली लहान मुलं मडक्यात घालून घराच्या जमिनीखालीच पुरणारं गाव. तेव्हापासून तिथे ऐंशी ऐंशी वर्षांनी भडका होत राहिला असेल तर आज ह्या क्षणी निदान पस्तीस भडक्यांचा उजेड एकामागोमाग एक आपल्याकडे यायला निघालेला आहे, वाटेत आहे. आपण ज्याची वाट बघतोय तो तर अगदी दाराशी. पोरांनी विचारलं होतं की मग तो फुटून गेलाय की फुटायचाय. गेलाय, कितीतरी वेळा. आणि आपल्यासाठी फुटायचाय. दोन्ही खरं.

ह्या जोडीचं पुढे काय, ह्याचं एक टोक मुंबईच्या बंदरात आहे. ३१ जुलै १९३० ला एकोणीस वर्षांचा सुब्रह्मण्यन चंद्रशेखर, पुढे मोठा खगोलशास्त्रज्ञ झालेला, मुंबईहून बोटीने युरोपला निघाला आणि त्या प्रवासात त्याने गणित केलं की श्वेत बटूला वजनाची मर्यादा आहे, आजच्या हिशोबाने सूर्याच्या साधारण १.४ पट, त्यापुढे तो स्वतःला सावरू शकत नाही. टी सीआरबीचा बटू ह्या मर्यादेच्या अगदी जवळ आहे. प्रत्येक भडक्यात साचलेलं सगळं उधळलं जातं की थोडं मागे राहतं, ह्यावर सगळं अवलंबून. मागे राहत असेल तर कधीतरी बटूचंच मरण, अतिनवतारा होऊन, म्हणजे अख्खा बटूच फुटून. उधळलं जात असेल तर मोठा एक दिवस आपले सगळे थर टाकून स्वतः श्वेत बटू होईल, आणि दोन पांढरे ठिपके एकमेकांभोवती फिरत राहतील. अभ्यासकांत ह्यावर वाद आहेत. मला दुसरं व्हावंसं वाटतं. ह्याला शास्त्रीय कारण काही नाही, मला तसं वाटतं एवढंच.

भडक्यानंतर लगेच काय होतं ते मात्र ह्याच जातीच्या दुसऱ्या जोडीने दाखवलंय, भुजंगधारी तारकासमूहातली आरएस ऑफियुची. तिथेही तांबडा राक्षसी आणि श्वेत बटू, फक्त भडके जास्त लवकर लवकर, २००६ ला झाला, मग २०२१ ला. २००६ च्या भडक्याच्या वेळी आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी ह्या रेडिओ दुर्बिणीने, त्या पंचेचाळीस मीटरच्या तीस थाळ्यांनी, तिचे कमी वारंवारितेचे रेडिओ संदेश पकडले. बटूवरून उधळलेला मालमसाला सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने मोठ्याच्या सोडलेल्या वायूत घुसतो, धडक बसते, आणि त्या धडकेचे ते संदेश. द्राक्षांच्या आणि टोमॅटोच्या शेतांमधून जाणाऱ्या रस्त्यावरून त्या थाळ्या दिसतात, मी एसटीतून जाताना बघितल्यात, शांत, सगळ्या एकाच दिशेला तोंड करून. आणि त्या जोडीचं नंतर काय झालं, तर एवढ्या उत्पातानंतर वर्षसुद्धा लागलं नाही, मोठ्याकडून पदार्थ परत बटूकडे उतरायला लागला. चकती मोडली होती ती परत धरली. घर जळल्यासारखी अवस्था, आणि वर्षाच्या आत तोच क्रम.

आता पावसाळा. सप्टेंबरपर्यंत कोकणातून मुकुट दिसणं नशिबावर, आणि ढग हटतील तेव्हा तो संध्याकाळी पश्चिमेला कलंडलेला असेल. ह्या मधल्या काळात तारा भडकला तर आपल्याला पेपरमधूनच कळणार, वाईट वाटेल, पण चालेल. कारण एक गोष्ट आहे जी कुठल्याच मेसेजमध्ये नव्हती. १८६६ ला आणि १९४६ ला, दोन्ही वेळा, तारा पार मंद होऊन लोक विसरून गेल्यावर, साधारण शंभर दिवसांनी तो परत हळूच उजळला होता. फार नाही, आठव्या प्रतीपर्यंत, साध्या डोळ्यांना नाहीच, माझ्या दुर्बिणीत मात्र सहज. काही महिने तसाच राहिला आणि मग आपल्या दहाव्या प्रतीवर गेला. एक म्हणणं असं की तापलेल्या बटूने मोठ्याची समोरची बाजू उजळून निघते आणि ती फिरत फिरत आपल्याकडे येते. दुसरी म्हणणीही आहेत. ह्या खेपेला जगभरच्या दुर्बिणी त्यासाठी तयार आहेत. काकांना मी सांगून ठेवलंय की पहिल्या आठवड्यात पोरांना घेऊन गच्चीवर तुम्ही जा, अल्फेकाच्या शेजारी तसाच दुसरा दिसला की समजायचं, पोरांना झोपेतून उठवावं लागलं तरी उठवा. मी त्यानंतर शंभर दिवसांनी येते, दुर्बीण घेऊन. काका म्हणाले, पावसात ये नाहीतर थंडीत, अंथरूण कुठं घालायचं ते मी बघतो.